टेक केअर कोणी घ्यायची

५ जुलै, शनिवार. संध्याकाळ.
आजपासून इंग्रजी शिकणार. खास कारण काही नाही. माणसानं शिकत राहावं, इतकंच.
माझ्या बायकोच्या, पंचशीलाच्या अंगणवाडीत यंदा एलकेजी निघालीय. म्हणून सगळ्या मॅडम लोकांना दर शनिवारी रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकायला बसवकल्याणला बोलावतात. शिकवणारा कोणी सुगत सर. तिशीच्या आतला. जीन पँट घालतो, केस मागं वळवतो. मी काही चौकशी केलेली नाही, मंठाळसारख्या गावात कानावर येतंच.
मला घरी मराठी, नाडकचेरीच्या नोकरीत कन्नड, बाजारात दखनी. तीन झाल्या. चौथी पंधरा ऑगस्टपर्यंत होऊन जाईल.

६ जुलै, रविवार. सकाळी सात.
पंचशीला भाकरी थापत होती. फोन शेंगाच्या चटणीच्या बरणीला टेकवून ठेवलेला. त्यात सुगत सराचा निरोप वाजला : गुड मॉर्निंग मॅडम, हाऊ वॉज युवर डे यस्टरडे, टेक केअर.
सकाळी सातला! आणि ही हसली. असं हसू लग्नाला वीस वर्षं झाली तरी माझ्या वाट्याला एकदाच आलंय, मी बैलगाडीतून पडलो होतो तेव्हा.
भाकरी करपली. तशीच खाल्ली.

७ जुलै, सोमवार. ऑफिसात.
बंडेप्पाला विचारलं, टेक केअर म्हणजे काय. तो माझ्या शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर चालवतो, बेंगळुरात राहून आलाय. म्हणाला, जिवाला जप, असं ते. मी म्हटलं, कोण कोणाला म्हणतं? म्हणाला, जीव असंल तर म्हणतेत अण्णा.
एका पाहुण्याचं प्रकरण आहे म्हणून सांगितलं त्याला. दुपारचा डबा गेला नाही.

९ जुलै, बुधवार.
संध्याकाळी घरी आलो तर पंचशीला दारात उभी. म्हणे, हाऊ वॉज युवर डे? चक्क मला!
माणूस चप्पलसुद्धा काढत नाही तोवर परीक्षा. मी म्हटलं, कामून? काय पायजे?
तिनं नुसते ओठ हलवले, पाठ करतात तसे. मग आत जाऊन एकटीच हसली. शिंगं फुटलीत हिला.

१२ जुलै, शनिवार.
सेकंड सॅटर्डे, मी घरीच. ती क्लासला गेली, चॉकलेटी साडी नेसून. ही साडी फक्त चौदा एप्रिलला आणि माहेरच्या लग्नात निघते.
मी दिवसभर अभ्यास केला. बकेट, ब्रूम, स्पून. पळीचं इंग्रजी सापडलं होतं, हरवलं.
ती हसतच आली. काय झालं विचारलं तर म्हणे, काई न्हाई, वर्गातली गंमत. मला सांगण्यासारखी नसेल. नसू दे. मला कुठं ऐकायचीय.

१४ जुलै, सोमवार.
हिशोब केला. पेंडिंग, झेरॉक्स, सर्व्हर डाऊन, अर्जंट, सिग्नेचर, कम टुमॉरो. हे मी वीस वर्षं बोलतोय. म्हणजे निम्मं इंग्रजी मला मुळातच येतं. फक्त ते घरात चालत नाही.

१७ जुलै, गुरुवार.
गॅसची टाकी बदलून दिली. पंचशीला म्हणाली, थँक यू सो मच.
डोकं सणकलं. घरच्या माणसाला कोणी थँक यू म्हणतं का? थँक यू परक्याला असतं. फाट्यावर बस थांबवणाऱ्या कंडक्टरला असतं. आमच्या अप्पांनी अक्काला, म्हणजे माझ्या आईला, जन्मात म्हटलं नाही, आणि त्यांचं भांडण म्हणावं असं भांडण कधी झालं नाही, कारण ते बोलतच नसत.
मी स्पष्ट विचारलं, मी काय परका हाव का?
पुन्हा ओठ हलवले हिनं.

२१ जुलै, सोमवार. ऑफिसात.
सकाळी फोन पुन्हा बरणीला टेकवलेला. सुगत सर : वेल डन पंचशीला मॅडम, युवर एग्झाम्पल वॉज द बेस्ट. नाव घेऊन! मी तिला नावानं हाक मारायला लग्नानंतर वर्ष घालवलं होतं.
बंडेप्पा म्हणाला, उदाहरण बेस्ट होतं म्हणायलाय. कसलं उदाहरण? आणि मी वीस वर्षांत तिच्या कशाला बेस्ट म्हटलं होतं ते आठवायला बसलो. आठवेना. आठवेल. सध्या ऑफिसात काम फार आहे.

२५ जुलै, शुक्रवार.
दारातलं हाऊ वॉज युवर डे रोजचंच झालंय. आज वर ती म्हणाली, यू लुक टायर्ड. म्हटलं, मग दवाखान्यात नेतीस का?
हे उत्तर बरं जमलं होतं. पण मी दमलोय हे तिला कळलं कसं?

२ ऑगस्ट, शनिवार.
निर्णय झाला. पुढच्या शनिवारी स्वतः क्लासात जाणार आणि सुगत सराशी त्याच्याच भाषेत बोलणार. वाक्य तयार आहे :
मिस्टर सुगत. आय अ‍ॅम राजपाल. यू डोन्ट टेक केअर. आय टेक केअर.
बंडेप्पाला म्हणून दाखवलं. म्हणाला, अण्णा, अंगावर काटा आला. सध्या आंघोळ करतानासुद्धा तेच म्हणतो. पंचशीलानं बाहेरून विचारलं, ताप आलाय का?

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.
घडलं ते लिहून ठेवतो.
तिच्या मागच्या बसनं गेलो. इस्त्रीचा शर्ट. हॉलच्या दारापर्यंत पोचलो आणि आतून सराचा आवाज आला : हाऊ वॉज युवर डे? त्यावर हॉलभर बायका एका सुरात ओरडल्या : कामून? काय पायजे?
मला वाटलं, भास झाला.
सर म्हणाला, थँक यू सो मच. बायका : मी काय परका हाव का? सर : यू लुक टायर्ड. बायका : मग दवाखान्यात नेतीस का? टाळ्या, हशा.
पळावं म्हटलं तर सरानं पाहिलं. जवळून अगदीच पोरगेला. या सर, प्लीज इंट्रोड्यूस युवरसेल्फ, म्हणाला. सगळ्या माना वळल्या. पंचशीलानं पदर तोंडाला लावला. मी वाक्य आठवायला गेलो. मिस्टरसुद्धा आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच : कामून?
हॉलात हशा फुटला. कोहिनूर गावच्या एक मॅडम उठून म्हणाल्या, व्हय गं बाई, हेच ते!
सरानं मला खुर्ची दिली, चहा दिला. होमवर्क असं होतं म्हणे, की नवं वाक्य घरात बोलून बघायचं आणि काय उत्तर आलं ते वर्गात सांगायचं. सगळ्यांच्या घरून असंच आलं, पण तुमच्या उत्तरांची सर कशालाच येत न्हाई, असं मॅडम लोकांचं मत. सकाळचा निरोपही ग्रुपवर जायचा, सगळ्यांना एकच, आणि शाबासकी दर वेळी वेगळ्या मॅडमला. निघताना तो प्रत्येकीला टेक केअर म्हणाला. झाडूवाल्या मावशीला म्हणाला. मलाही म्हणाला.
परतीच्या बसमध्ये शेजारी बसलो. मी म्हटलं, माझी फजिती करायलीस व्हय वर्गात. तिनं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, होमवर्क एका वाक्याला एकच दिवस असतंय. रोज दारात कोण इचारायलं होतं मग? ते मी मनानंच इचारत होते. वीस वर्षांत तुमी मला एकदा तरी इचारलंत का, दिवस कसा गेला म्हणून?
कंडक्टरनं आमच्यासाठी फाट्यावर बस थांबवली. त्याला थँक यू म्हणालो.

११ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ.
अर्धी रजा टाकून लवकर आलो. दुपारभर तेच एक वाक्य घोकलं. ती अंगणवाडीतून यायच्या वेळेला दारात उभा राहिलो. छाती धडधडत होती, मुलगी बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा इतकी नव्हती.
ती आली. छत्री मिटली. मी एका दमात म्हटलं, हाऊ वॉज युवर डे?
तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. थट्टा करत होती असं नाही, तिला खरंच कळेना. म्हणाली, कामून? काय पायजे?
काय पाहिजे ते सांगता येईना. चहा, म्हणालो.
तिनं करून दिला. थँक यू म्हणायचं राहून गेलं.