पेला सारजाबाईपासून सुरू होतो

६ ऑक्टोबर १९४६, रविवार

आज प्रभुभोजन. द्राक्षारसासाठी आईने मनुका कालच भिजत घातल्या होत्या. साखर रेशनची, म्हणून रस आंबटच. नेहमीसारखा सगळ्या मंडळीला एकच चांदीचा पेला, आणि नेहमीसारखी सारजाबाई पहिली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती बाबांच्या अगदी पुढ्यात बसते. तशीही पेल्याची सुरुवात खालच्या आळीपासून करायची हा आजोबांच्या वेळचा रिवाज. ख्रिस्ती झाल्यावर महारवाड्याची वरची आळी झाली, मांगवाड्याची खालची. दोन्हीकडच्यांनी पहिल्यांदा एका पेल्याला तोंड लावलं तेव्हा म्हणे अख्खं गाव भिंतीवर चढून बघत होतं. पाळण्यात असल्यापासून ऐकतेय ही गोष्ट.

पण आज सारजाबाई पेला तोंडाला लावण्याआधी खोकली, लावल्यावर खोकली, आणि तोच पेला पुढे. सगळी मंडळी. शेवटी माझ्या शाळेतल्या मोठ्या मुली.

मीही घेतला. पाळकाची मुलगी, न घेऊन सांगते कुणाला? डोळे मिटले तर प्रार्थनेऐवजी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं सगळं वळवळायला लागलं. प्रभू, क्षमा कर. पण जंतू खरंच असतात.

जेवताना बाबांना सांगितलं. "साठ वर्षं पितेय मंडळी. कोण मेलं?"
"कोण कशाने मेलं ते कुणी पाहिलंय?"
आई म्हणाली, भाकरी गार होतेय.

८ ऑक्टो.

बाबांना पुन्हा विचारलं. "प्रार्थना करू." बाबांचं 'प्रार्थना करू' म्हणजे कधी 'हो' असतं, कधी 'नको', बहुतेक वेळा 'आत्ता नको'. बी. ए. होऊन आल्यापासून मी एवढं एकच उत्तर ऐकतेय. मुलींना पृथ्वीच्या वयाबद्दल शिकवलं तेव्हाही प्रार्थनाच केली होती. ती अजून चालू आहे.

१३ ऑक्टो., रविवार

चर्चच्या पंचांच्या सभेत बोलायला मिळालं! म्हणाले, शाळेची बाई म्हणून बोल, पण थोडक्यात.

मी म्हटलं, पुण्याला कॉलेजजवळच्या आमच्या चर्चमध्ये लहान लहान काचेचे पेले असतात, ज्याचा त्याला. रस तोच, प्रार्थना तीच. कुणाचंही नाव घेतलं नाही. मागून कुणीतरी, "प्रभूच्या रक्तात जंतू व्हय?" हशा.

तेवढ्यात शमुवेलकाका उठले. वरच्या आळीचे, पलटणीतून हवालदार होऊन आलेले, अजून मिशीला पीळ. "पोरगी बरोबर बोलतीय. पलटणीत ज्याचा त्याचा मग असतो. सायन्स हाय हे!" सभेचा नूरच पालटला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एक तरी माणूस या गावात विचार करतो.

१९ ऑक्टो., शनिवार, नगर

मिशनच्या मिस साहेबांकडे गेले. त्यांच्या कपाटात अशा पेल्यांची एक पेटी कित्येक वर्षं पडून होती, वर लाकडी तबक. "घेऊन जा, इथे कुणी वापरत नाही." नगरला कुणी वापरत नाही, हे ऐकून जरा खट्टू झाले. पारनेरपर्यंत सर्व्हिस मोटारीत पेटी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, बांगड्या का? हो म्हटलं. समजावत कोण बसणार?

काही पेले फुटले. पुरतील तेवढे शाबूत आहेत.

२० ऑक्टो., रविवार

उपासनेनंतर चर्चच्या अंगणात शमुवेलकाकांच्या मार्थाकाकूंनी गाठलं. माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"शिकल्याचं चीज केलंस गं पोरी. सुटलो एकदाचे. आता आमाला त्यांचं उष्टं प्यायला नको."
"कुणाचं, काकू?"
"आता नाव कशाला घ्यायचं? देवाच्या दारात उभ्या हावोत."

सलाम करून हसत निघून गेल्या.

घरी येऊन पेले पुसायला बसले. एकेक पेला पुसताना राग येत होता आणि तो कुणाचा हे ठरत नव्हतं. साठ वर्षांत ज्यांना उघड बोलता आलं नाही, त्यांना मी सायन्स नेऊन दिलं. तेही मांडीवर घेऊन.

२६ ऑक्टो.

दिवाळीच्या सुट्टीत प्रभाकर आलाय. माझा धाकटा भाऊ, नगरच्या छापखान्यात खिळे जुळवतो आणि उरलेला वेळ सभांना जातो. चर्चला येणं त्याने सोडलं. पेटी पाहून हसत सुटला. "ताई, तू देवाला उकळून घ्यायला निघालीस! स्वराज्य दारात आलंय आणि तुमच्यात पेल्याची भांडणं."

मी विचारलं, "तुझ्या सभेत खालच्या आळीचा कोण येतो रे?"
पेटीचं झाकण लावत म्हणाला, "येतील."
"आमच्याकडे येतात. साठ वर्षं."

जिंकले, पण उपयोग काय? त्याच रिवाजाला मी सुरुंग लावून बसलेय.

बाबांना वाटतं, प्रश्न विचारला की विश्वास हलतो. प्र.ला वाटतं, प्रार्थना केली की डोकं बंद पडतं. मी दोन्ही करते, आणि दोघंही माझ्याकडे तापातल्या माणसाकडे पाहावं तसे पाहतात.

३ नोव्हें., रविवार

बाबांचं अजून ठरेना, म्हणून आज प्रभुभोजनाला जुनाच पेला. सकाळीच श. काका येऊन उभे: "नवे पेले सुरू होईस्तोवर खालची आळी शेवटी घ्यावी. हायजीन म्हणून." बाबा नको म्हणाले. चक्क नको, प्रार्थना न करता.

पण सारजाबाई आलीच नाही. तिची सतरंजीवरची जागा मोकळी. बाबा पेला हातात घेऊन क्षणभर तसेच उभे राहिले, कुणाला द्यावा ते न सुचून.

५ नोव्हें.

शाळा सुटल्यावर तिच्याकडे गेले. दारात केरसुण्या बांधत बसली होती. तिला ऐकू यावं म्हणून ओरडावं लागतं, आणि ओरडलं की अख्खी आळी गोळा होते.

"रविवारी का नाही आलात?"
"माझ्या खोकल्यानं लोकास्नी तरास."
"कोण म्हणालं?"
"तूच म्हनालीस की सभेत. मला ऐकू येत न्हाई म्हून लोकं मला सांगत न्हाईत व्हय?"
"मी नाव घेतलं नव्हतं!"
"नाव कशाला लागतंय? खोकला माझाच हाय." हसली, आणि त्यातच पुन्हा खोकली. केरसुणीचा भुसा भरभर उडाला. "माझ्या सासऱ्यानं त्या पेल्यातला पैला घोट घेतला हुता. वरच्या आळीची माणसं बघतच राह्यली. ठावं हाय का?"

ठावं आहे, बाई. सगळं ठावं आहे.

नगरच्या दवाखान्यात नेते म्हटलं. तर एकदम खूश. "मोटारीनं? मग चल. लई दिस झालं मोटारीत बसून."

९ नोव्हें., शनिवार, नगर

सारजाबाईने मोटारीची खिडकी सोडली नाही. मी तिच्या खोकल्याकडे लक्ष ठेवून, ती रस्त्यावरच्या सायकलींकडे.

डॉक्टरांनी छाती तपासली. क्षय असेल, नाहीतर जन्मभराच्या भुशाचा दोष असेल. थुंकी ठेवून घेतली. तपासणारे रजेवर, निकाल टपालाने येईल.
"तोवर काय करायचं?"
"तोवर त्यांचं भांडं वेगळं ठेवा."

बाहेर व्हरांड्यात तिने विचारलं, "काय म्हनला?" सगळे बाकांवर बसलेले. तिला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. भांडं वेगळं ठेवा. हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. आमच्या माणसांना ते ओरडून सांगायची आजवर कुणाला गरजच पडलेली नाही.

"बरं वाटेल म्हणाला," असं ओरडले.

डॉक्टर बरोबर आहेत. हाच तर त्रास आहे. ते चुकीचे असते तर किती सोपं होतं!

१७ नोव्हें., रविवार

आज श. काकांना चर्चच्या पायरीवर गाठलं.

"काका, जंतू वरच्या आळीत नसतात का?"
"असतील की. म्हणून तर पेले."
"मग ठरलं. पेले सगळ्यांना वेगळे, आणि तबक नेहमीसारखं सारजाबाईपासून सुरू."
"मग फायदा काय?"

तोंडातून निघून गेलं त्यांच्या. मग मिशी चोळत म्हणाले, "तसं न्हवं. शिस्त असावी माणसाला. सुभेदाराच्या आधी शिपाई जेवतो का?"
"प्रभूच्या मेजावर सुभेदार कोण आहे, काका?"
"तू लई शिकलीस," म्हणाले आणि चालू लागले.

तोंडावर उत्तर सुचलं याचा आनंद पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. मग वाटलं, बोलून कुणाचा एक घोट तरी बदलला?

पेटी विहिरीत टाकावीशी वाटते. पण सारजाबाईला खरंच क्षय असेल तर? माझ्या शाळेतल्या मुली शेवटी पितात.

२४ नोव्हें., रविवार

बाबांच्या प्रार्थनेला एकदाचं उत्तर आलं. उपासनेच्या शेवटी मंडळीला सांगितलं: पुढच्या रविवारी लहान पेले. मोठ्या पेल्यातूनच भरून. सुरुवात जिथून होते तिथूनच. प्रश्न कुणी विचारू नयेत म्हणून लगेच आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

घरी आल्यावर मला म्हणाले, "तुझं सायन्स घेतलं, माझ्या बापाचा रिवाज ठेवला. आता तरी नीट जेव."

जेवले. किती दिवसांनी बाबांचा अभिमान वाटला. दवाखान्याचं टपाल अजून नाही.

३० नोव्हें., शनिवार

सारजाबाईला ओरडून आमंत्रण. "सगळ्यांनाच वेगळे पेले, तुम्हालाच नाही!" अख्ख्या आळीने ऐकलं. ती म्हणाली, "यीन. माझी जागा हाय तिथं."

पेले साबणाने धुतले. पुन्हा धुतले.

१ डिसेंबर, रविवार

लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

सारजाबाई आली, धुवट लुगडं, आपल्या जागी. बाबांनी मोठ्या पेल्यातून लहान पेले भरले. वेळ लागला, मागे मुलांची चुळबुळ. तबक तिच्यापुढे आलं. तिने एक पेला उचलून उजेडाकडे धरला आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, "ह्यो काय डाक्टरचा डोस हाय का?"

मुलं फिसकन हसली. बाबा वाकून तिच्या कानाशी ओरडले, "मोठ्या पेल्यातलंच आहे, सारजाबाई!"

"त्यातलं असंल. त्यातून न्हाई."

आणि पेला होता तिथे ठेवला. रागाने नाही, दुकानात बांगडी पसंत पडली नाही तर ठेवावी तसा. तबक पुढे दिलं.

पुढे खालची आळी प्याली. मग वरची. श. काकांच्या हातात तबक आलं. त्यांनी ते जड असावं तसं धरलं, खालून वर आलेलं तबक, आणि न उचलता शेजारच्याकडे सरकवलं. नजर समोर, परेडवर असल्यासारखी. ज्यांना लहान पेले हवे होते त्यांनीच घेतला नाही. बायकांकडे मार्थाकाकूंनी मात्र घेतला. डोळे मिटून, घाईने, नवऱ्याकडे न बघता.

मी घेतला. मनुका कमी, साबणाचा वास जास्त.

उपासना संपल्यावर श. काका मला म्हणाले, "पोरी, तुझं सायन्स चांगलं हाय. पण तुझ्या बाबानं त्यात खोट घातली." सारजाबाई जाताना म्हणाली, "आता पुन्यांदा मोटारीनं कधी न्यायचं?" दोघं दोन दिशांनी घरी गेली, दोघंही न पिता. मी आणलेल्या सुधारणेने वरच्या आणि खालच्या आळीची पहिल्यांदा बरोबरी झाली ती ही.

प्रभू, तुझ्या मेजावर माणसं आणायची म्हणून शिकले ना मी?

२ डिसें., सोमवार

तबकात दोन पेले भरलेले. उरलेला रस पाळकाने प्यायचा असतो. बाबांना तसं म्हटलं.

"हे उरलेलं नाही," बाबा म्हणाले. "हे दोघांचं आहे."

काल प्र.ला पत्र लिहायला बसले होते, फाडून टाकलं. तो हसेल, आणि या वेळी मला उत्तर देता येणार नाही.

आईने तबक पाण्याच्या परातीत ठेवलंय, मुंग्या चढू नयेत म्हणून. वर पातळ फडकं.

"असं कुठवर ठेवणार, आई? आंबेल ते."
"आंबू दे," आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

चांदीचा पेलाही शेजारीच आहे. मी तो मघाशी घासला. कशासाठी ते माहीत नाही. पुढचं प्रभुभोजन जानेवारीत. पोस्टमन आमच्या गावात बुधवारी येतो.