बेल्टाची शेवटची वीत

मोरबी,
१३ जुलै, रविवार

शिवकन्या अक्काला वैजूचा नमस्कार. दाजींना आणि पंचफुला मावशीला पाया पडलो म्हणून सांग. आबा अजून मेंढरं घेऊन सिद्धेश्वराकडंच असतील, त्यांना आल्यावर सांग.

मी बरा हाये. इथं पाऊस कमी, धुराळाच जास्त. टाइलच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम लागलंय. सुरतेचं सोडलं. तिथं काम जमत होतं, पण मलाच एका जागी बसवंना. तू म्हणशील ह्यात नवीन काय. लहानपणी तू भाकरी थापायला बसलीस की मला लुगड्याच्या पट्टीनं दाराच्या कडीला बांधायचीस, न्हाईतर मी नदीवर गेलेलो असायचो. जेवणाचं ठीक हाये, वरणात गूळ घालतात. खोलीतल्या एका वाशिमच्या पोराच्या घरून ठेचा येतो, त्यावर भागतं.

तुझे फोन दिसले. चौदा झाले. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तू काही येडी न्हाईस. फोनवर मला पटकन खोटं बोलता येतं, म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंतचं शिक्षण, चुका काढत बसू नको.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मंजुषा वकीलबाईंचं म्हणणं मला बराबर कळलं का बघ. ग्राहक मंचात आपली केस बसत न्हाई, कारण तातेराव काही गाड्यांचा दुकानदार न्हाई, त्यानं घरची एक गाडी आपल्याला विकली. म्हणून वसमतच्या कोर्टात दावा लावायचा. विक्रीच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलंय आणि खाली दाजींची सही हाये. म्हणून नुसती गाडी खराब निघाली म्हणून चालणार न्हाई. गाडी पुरात बुडालेली तातेरावला म्हाईत होती आणि त्यानं ती जाणून लपवली, हे दाखवावं लागंल.

नोटिशीला तातेरावच्या वकिलानं दिलेलं उत्तरही वाचलं. त्यात माझंच नाव हाये. ‘खरेदीदाराचा मेव्हणा वैजनाथ हा स्वतः गॅरेजचा मिस्त्री असून त्याने गाडी तपासून, बॉनेटवर हात ठेवून, सर्वांसमक्ष खोड नसल्याचे सांगितले.’ असं लिहिलंय. खोटं काहीच न्हाई त्यात.

त्यावर उत्तर म्हणून बाईंनी माझ्या नावानं एक कागद तयार केलाय. मी गाडी वरवर बघितली, बुडाल्याची खूण बाहेरून दिसत नव्हती, असं त्यात हाये. तू खाली लिहिलंस, “वैजू, एवढी सही करून पाठव. दाजी म्हणतेत पोरगं मिस्त्री असलं तरी देव थोडीच हाये.”

इथं कारखान्याच्या गेटाजवळ झेरॉक्सचं दुकान हाये. मी तो कागद छापून आणला. आठ दिवस झाले, खिशात हाये. घामानं घडीवर फाटत आलाय. मी त्यावर सही करत न्हाई, अक्का.

तातेरावची गाडी पोळ्याच्या पुरात दोन दिवस पाण्यात होती. त्याच्या शेतातल्या गोठ्याजवळ उभी होती, सीट बुडून वर पाणी. हे मला कुणी सांगितलेलं न्हाई. ती गाडी वारंगा फाट्यावर आमच्या गॅरेजला टोचन करून आणली होती. वसराम मिस्त्रीनं इंजिन उतरवलं आणि आतली सफाई मला दिली. सीटा मी काढल्या. खालचा गालिचा मी काढला, त्याखालून घमेलं घमेलं गाळ निघाला. सहा दिवस लागले. वास जाईना म्हणून लिंबू अन् सोडा मारला. सातव्या दिवशी तातेराव बघायला आला आणि मला म्हणला, “शाब्बास रे, नवरीसारखी केलीस.”

मग दिवाळीच्या आधी दाजी गाडी शोधायला लागले. तेव्हा तातेरावची गाडी विकायची हाये हे दाजींना कुणी सांगितलं? मीच सांगितलं. तू विसरली असशील. त्या दिवशी तू चुलीपाशी होतीस आणि म्हणलीस, घरात मिस्त्री असल्यावर कशाची भीती.

कुरुंद्याला आपल्या दारात गाडी आली तो दिवस तुला आठवतच असंल. दाजींनी नारळ आणला होता. बसल्या बसल्या त्यांनी सीटचा बेल्ट ओढून बघितला. अर्धा बाहेर आला तसा मी म्हणलो, “बस दाजी, जास्त ओढू नका, अडकंल.” त्यांनी सोडला. मी काहून थांबवलं ते आता सांगतो. बेल्ट धुवायचा मला कंटाळा आला होता. जेवढा हाताला येत होता तेवढा घासला, आत गुंडाळलेला शेवटचा भाग तसाच राहिला.

आणि मग आबा. आबांची बाजारातली रीत तुला म्हाईत हाये. मेंढी विकायची तर आधी तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि खोड बोलून टाकायची. ही पिलू लावून घेत न्हाई. ह्या बोकडाचं मागचं खूर दुखतं. खोड नसली तर हात ठेवूनच ‘खोड न्हाई’ म्हणायचं, त्याच्यानंतर किमतीची गोष्ट. हात ठेवून बोललेलं आबांनी जन्मात फिरवलं न्हाई. लोक हसायचे, गिऱ्हाईक निघून जायचं, तरी न्हाई.

आबांनी गाडीलाही तेच लावलं. “तातेराव, हात ठेवा अन् खोड बोला.”

तातेराव हसला. “दगडोबा, ही काय मेंढी हाये का? अन् तुमच्या घरातच मिस्त्री हाये. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्याचाच हात ठेवा.” हे बोलताना तो माझ्याकडं बघून राहिला होता.

आबांना ते पटलं. विकणाऱ्यापेक्षा घरच्या पोराचा हात म्हणजे अजून पक्कं. “ठेव रे वैजू,” म्हणले.

मी ठेवला. बॉनेट उन्हानं तापलं होतं. मी म्हणलो, “खोड न्हाई, आबा.”

तातेरावकडून मी काही खाल्लं असं दाजींना वाटंल. चहासुद्धा घेतला न्हाई. घेतला असता तर लिहायला सोपं गेलं असतं, की पोरगं लालचीनं फसलं. तसं न्हाई. सोमवार आणि गुरुवार मी मावशीला नांदेडला डायलिसिसला नेत होतो. शेजारच्या धर्मसिंगची गाडी मागायची, मावशीला मागं बसवायचं, ती चार तास मशीनवर आणि मी खाली पायरीवर. वर्षभर. मावशीचा मला राग कधी आला न्हाई. ती वाटेत शेंगा सोलून दाणे पुढं द्यायची, गाडी चालवता चालवता मी तोंड वळवायचो. राग त्या पायरीचा यायचा. दाजी म्हणायचे, आईसाठी आपली स्वतःची गाडी झाली की मी चालवायला शिकतो, मग तू मोकळा. हे ‘मग तू मोकळा’ माझ्या डोक्यात बसलं. दुसरी चांगली गाडी मिळायला अजून सहा महिने गेले असते. मला सहा महिने थांबायचं नव्हतं.

मिस्त्री म्हणायचा, पाण्यातली गाडी लगेच मरत न्हाई. वायरी आतून हिरव्या पडत जातात आणि चार-सहा महिन्यांनी ती बोलते. मी आपलं धरलं की वर्ष तरी निघंल. तोवर दाजी बघतील काहीतरी. दाजी गाडी शिकले आणि पंधरा दिवसांत मी सुरतेला निघालो. तू मला डब्यात धपाटे दिले होतेस.

मार्चमध्ये अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली, काचासुद्धा खाली होईनात, मावशी उन्हात चार तास तशीच. मशीनची पाळी चुकली, छातीत पाणी झालं, तीन दिवस अतिदक्षता विभागात. तू हे फोनवर सांगत होतीस तेव्हा मी ‘बापरे’ म्हणलो होतो. तेवढंच म्हणलो. मग तू म्हणलीस की शुद्धीवर आल्यावर मावशीनं विचारलं, “वैजू जेवतो ना तिकडं?” त्याच्यानंतर मी तुझा फोन उचलला न्हाई.

आता कामाचं ऐक आणि दाजींना वाचून दाखव.

गाडी अजून दारातच उभी असंल. तिला कुणी हात लावू नका, धुवू नका. वकीलबाईंना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. मोबाईलवर शूटिंग करा. शेवटच्या वितीत चिखलाची रेघ दिसंल. ती पुसणारा मीच होतो आणि मी पुसली न्हाई, म्हणून ती हाये.

दुसरं, माझा जुना फोन, काच फुटलेला, मी सांभाळून ठेवलाय. काम सुरू करायच्या आधी गाडीचा फोटो काढून मालकाला पाठवायचा, ही वसराम मिस्त्रीची शिस्त होती. तसे गाळाचे फोटो मी तातेरावला पाठवलेले हायेत, तारखेसकट. त्यावर त्याचा आवाजातला निरोप हाये, “वैजू, वास राहता कामा न्हाई. गिऱ्हाईक बघायला येणार हाये.” त्याच्याखाली माझं उत्तर हाये, “करतो काका.” तेही खोडायचं न्हाई. एक खोडलं की बाकीच्याला किंमत राहणार न्हाई, एवढं मलाही कळतं. फोन पोस्टानं पाठवत न्हाई, स्वतः आणतो.

बाई म्हणतील, ह्याचंही नाव दाव्यात घालावं लागंल. घालू दे. मिस्त्रीला ह्यात ओढू नका, गाडी कुणाला विकली जाणार हे त्याला म्हाईत नव्हतं.

दावा लावायची तारीख चार ऑगस्ट म्हणलीस. मी दोन तारखेला इथून निघतो. तीनला सांजच्याला वारंगा फाट्यावर उतरतो आणि तिथंच थांबतो. दाजी घ्यायला आले तर घरी येईन. न्हाई आले तर सकाळच्या एसटीनं सरळ वसमतला कोर्टात. त्याचं मला वाईट वाटणार न्हाई असं लिहिलं होतं, ते खोडलं. वाटंल. पण दाजींना आग्रह करू नको.

मावशीला हे सगळं सांगायचं का ते तू ठरव. आबांना मात्र पूर्ण वाचून दाखव, मधलं गाळू नको. ते उठून मेंढरांकडं जातील. जाऊ दे. म्हणावं, खोड आधी बोलायची असते हे पोराला म्हाईत होतं. उशिरा बोलला.

बाईंचा छापील कागद फाडून टाकलाय. त्याच्या जागी हेच पत्र त्यांना दे. सही पूर्ण नावानं लागते म्हणलीस, म्हणून तशी करतो.

वैजनाथ दगडोबा पोले
वय २३, धंदा मिस्त्री
वरचं सगळं माझ्या हातानं लिहिलं, कुणी सांगितलं म्हणून न्हाई.