उशाशी प्लग असलेली गाडी

प्रिय भिंगरी,

मी गाडी घेतली. आधी हसून घे, मग पुढे वाच. साधी गाडी नाही, व्हॅन. जुनी, वापरलेली, आत झोपता येईल, चहा करता येईल अशी. विजेचा खांब दृष्टीस पडणार नाही अशा जागीही दोन दिवस आरामात राहता येईल म्हणे. आमच्या ह्यांनी बातमी ऐकली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, घरात चांगला पलंग आहे की. लेक म्हणाला, गोगलगाय अखेर घर पाठीवर घेऊन निघाली. तू ठेवलेलं नाव इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. तुझ्या शिट्टीसरशी अख्खी शाळा मैदानात धावायची आणि मी भूगोलाचे नकाशे गुंडाळत सगळ्यांच्या शेवटी स्टाफरूममधून बाहेर पडायचे, तेव्हापासूनचं ते नाव.

गाड्या बघायला भावजींना घेऊन फिरले. त्यांचं गॅरेज आता मुलगा बघतो, त्यामुळे त्यांना वेळच वेळ. गाडी दिसली की अंगावर कुठले कपडे आहेत याचा विचार न करता आधी तिच्याखाली आडवे होणार. पहिली गाडी एका बेकरीची होती. दार सरकवलं तर आत ताज्या पावाचा वास, मी तिथेच पाघळले. पडद्यांचा रंग ठरवत आत उभी होते, तोवर भावजी गंजाचा एक मोठा पापुद्रा हातात घेऊन बाहेर आले. म्हणाले, वहिनी, पाव उत्तम असतील, पण गाडी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालीय, उचलायला गेलात तर हातात तुकडाच येईल.

दुसरी गाडी एका तरुण जोडप्याची. दोघं दोन वर्षं तिच्यातून हिंडली होती. आता त्यातल्या मुलीला दिवस गेलेत म्हणून विकायला काढली. लाकडी कपाटं, छोटे दिवे, खिडकीवर कुठून कुठून आणलेले दगड मांडलेले. दाखवताना ती सारखी दारावरून हात फिरवत होती, गोठ्यातली गाय विकताना फिरवतात तसा. मला गाडी फार आवडली. पण झोपायची जागा वर, शिडीने चढून जायची. मी एकदा चढले तर गुडघ्याने सगळ्यांसमोर तक्रार केली. मुलगी म्हणाली, काकू, तुम्ही खाली बाकावर झोपा, वर कोण झोपणार आहे? मी म्हणाले, माझी मैत्रीण, पण तिला चढवणार नाही. मग मी त्या मुलाला विचारलं की रात्रभर एखादी मोठी वस्तू बॅटरीवर चालेल का. त्याने फ्रिज का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले आणि विषय बदलला.  परतताना भावजी म्हणाले, वहिनी, गाडी कशासाठी हवी ते मला नीट सांगा, म्हणजे मला शोधता येईल. मी सांगितलं. 

तुला पठारावरची ती रात्र आठवते का गं? शेवटची बस चुकली, खाली उतरायला उजेड उरला नाही आणि आपण त्या बंद चौकीच्या ओसरीत एका शालीत दोघी बसलो. मी भीतीने बडबडत होते. तू बूट काढून पाय पसरले होतेस आणि म्हणत होतीस की नोकरी संपली की आपली एक गाडी घ्यायची, जिथे पेट्रोल संपेल तिथे आपलं गाव. पहाटे धुकं हललं आणि खालचं तळं दिसलं तेव्हा तू एकदम बोलायची थांबलीस. तुला गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आपण निवृत्त झालो, निरोपसमारंभात मैदानाच्या चार पायऱ्या चढताना तुला दम लागला, तू ते हसण्यावारी नेलंस. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिसरी गाडी राखाडी, रूपाने अगदी बेताची. मालक वायरमन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात दिवे लावले, आता बायकोला घेऊन फिरू म्हणून त्याने ती स्वतः सजवलेली. बायको एक रात्र गाडीत राहिली आणि म्हणाली, मला माझी मोरी हवी. तेव्हापासून गाडी अंगणात आणि आम्ही ओट्यावर, असं तो सांगत होता. भावजींनी सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. म्हणाले, गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं की बऱ्याच खोडी झाकल्या जातात, या माणसाने तसं केलेलं नाही. पहिल्या चावीत सुरू झाली. मी बघितली ती पायरी, इतकी खाली की घरात शिरल्यासारखं पाऊल पडतं. दार सरकतं. पलंग खाली आणि खिडकीला लागून. टपावर सोलर, पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या.

मग मी फोन काढून त्याला एक फोटो दाखवला. तुझ्या मशीनच्या मागे वीज किती लागते ते लिहिलेला कागद चिकटवलाय ना, त्याचा. तुझ्या सूनबाईंवर चिडू नकोस, मीच त्यांच्या मागे लागले होते. वायरमनने फोटो मोठा करून वाचला आणि विचारलं, ऑक्सिजनचं का? मी मान हलवली. त्याने हिशेब केला, एक रात्र निघेल म्हणाला, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः चालवून बघा. मी गाडी पक्की केली आणि कुणी न सांगता त्याने पलंगाच्या उशाशी एक नवा प्लग बसवून दिला.

म्हणून परवा तुझ्यासारखंच मशीन भाड्याने आणलं आणि पठाराखालच्या त्या तळ्याकाठी गेलो, मी आणि हे. हे आपली उशी बगलेत मारून आले आणि पाठ टेकताच घोरायला लागले. मी तुझ्या जागी झोपले. अंधार पडायच्या आधी लावलेलं मशीन ऊन टपावर येईपर्यंत चालू होतं. ह्यांनी चहा करून हातात दिला आणि म्हणाले, बोलाव तिला.

तुझ्या डॉक्टरांनी सूनबाईंना सांगितलंय की उंचावर जायचं नाही, सपाटीला हरकत नाही, सिलिंडर जवळ ठेवायचा आणि दवाखाना तासाभराच्या आत हवा. तळ्यापासून तो अर्ध्या तासावर आहे, मी स्वतः जाऊन आले. पठारावर नाही जाता येणार. खालूनच बघू. आठवण चेहऱ्याची येते म्हणतात, मला तुझी पाठ आठवते, ती निळी सॅक, कारण सगळ्या वाटांवर तू पुढे आणि मी मागे. आता एकदा तुझ्या शेजारी बसून काहीतरी बघायचं आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन उचलतेस, बरी आहे म्हणतेस आणि मिनिटभरात तुझं दूध उतू जातं. एका घरात इतकं दूध उतू जात नाही गं. तुझ्या मागे एक आवाज यायचा, फुस्स, मग टक्, मी तो पंखा समजायचे. परवा रात्रभर तो उशाशी ऐकत पडले आणि तू फोन का ठेवतेस ते मला कळलं. मला ऐकू जाऊ नये म्हणून. येत्या रविवारी तुझ्या फाटकाशी गाडी लावायची की नाही, एवढंच विचारायला हे पत्र. नाही म्हणालीस तरी चालेल, पण ते तू स्वतः म्हण, सूनबाईंकडून निरोप नको. फोन कर. मशीनपासून लांब जाऊ नकोस, तिथेच बसून बोल. तो आवाज मी आता ओळखते.

वाट बघणारी, तुझीच
गोगलगाय