राखेतली वाळू

३ मार्च

लाकडाचा तुकडा बाबांनी मी काम करते त्या प्रयोगशाळेच्या दारात आणून दिला. आत आले नाहीत — "पायांना भुसा आहे." लाकूड कापायच्या गिरणीतल्या करवतींना धार लावणं त्यांचं काम. नवे ओंडके आल्यापासून पातं दोन तासांत बोथट होतं. मालक म्हणतो, म्हाताऱ्याचा हात गेला. बाबा म्हणतात, लाकडातच वाळू आहे. शेवटी मालक म्हणाला, "पोरगी शिकलीय ना तुझी? तिनं वाळू दाखवली तर राहा. नाहीतर घरी बस."

घरातली पहिली शिकलेली मी. हे त्याचं फळ.

४ मार्च

तुकडा जाळला, राख ॲसिडमध्ये उकळली. न विरघळता उरते ती वाळू — झाडानं मातीतून शोषलेली. शंभरात सव्वा भाग! कुठलंही पातं हरेल. घरी सांगितलं. आई म्हणाली, "शिकवल्याचं सार्थक झालं." बाबा नुसतं "बरं" म्हणाले.

५ मार्च

तुकडा इतका गुळगुळीत कसा? करवतीचा एक ओरखडा नाही. उरलेला भाग भिंगाखाली धरला. वरच्या छिद्रांत चमचमणारे कण, आत काही नाही. काचपेपरनं घासलेलं, त्याचीच वाळू. बाबा हातात येईल ती वस्तू घासून देतात, माझ्या पाटीची चौकटसुद्धा दिली होती. आणि मी जाळण्याआधी वरचा थर तासलाच नाही. पहिला नियम!

६ मार्च

तासून पुन्हा जाळलं. दोनदा. वाळू नाहीच म्हणावी इतकी.

प्रयोगशाळेच्या बाईंना चूक सांगितली. "कबूल केलंस ते बरं. पण गिरणीवाल्याच्या मुलीला एवढं कळू नये?"

गिरणीवाल्याच्या नाही, गिरणीतल्या धारवाल्याच्या. खऱ्या आकड्याखाली सही केली, गिरणीत पाठवला.

९ मार्च

बाबांना घरी बसवलं. एकतीस वर्षांची नोकरी.

आई म्हणाली, "शिकून बापाच्याच पोटावर पाय दिलास." ताट मात्र वाढलं.

१० मार्च

आकडा खोटा पाठवला असता तर? दिवसभर हेच. मी तो पाठवलाच नसता. हेही दिवसभर.

११ मार्च

बाबांना म्हटलं, चूक माझी, मी थर तासायला हवा होता. ते म्हणाले, "तुझी नाही गं. तुकडा मीच काचपेपरनं मुद्दाम घासला. राखेत वाळू मोजतात, तूच सांगितलं होतंस ना. वर्ष झालं, करवतीचे दात दिसत नाहीत मला. चाचपून धार लावतो."

बोटं पुढे केली. एकही कापल्यावाचून राहिलं नव्हतं. याच बोटांनी रोज सकाळी माझ्या डब्याचं झाकण लावून देतात.