हलव्याचे दागिने आणि एक रिकामा खिळा

नवीन पनवेल,
२४ जानेवारी १९९८

आदरणीय साडूभाऊ मानसिंगराव यांस धाकट्या साडूचा, शिवाचा, साष्टांग नमस्कार (थंडीने पाठ धरली आहे, म्हणून तो कागदावरच मान्य करून घ्यावा).

आपला खोकला कसा आहे? उज्वलाताई बऱ्या असतील. आम्ही दोघे सुखरूप आहोत, फक्त स्मिताच्या शिंका दहा दिवस थांबलेल्या नाहीत. त्या कशा लागल्या, ते सांगायलाच हे पत्र.

स्पष्टच लिहितो. लग्न झाल्यापासून तुम्ही काढलेला तो फोटो मला सुखाने जेवू देत नाही. कोरेगावला सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीत ताईंचा पहिल्या संक्रांतीचा फोटो, काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने, मागे महाबळेश्वरचं धुकं. त्याच्या शेजारी सासूबाईंनी एक खिळा ठोकून ठेवला आहे, धाकट्या लेकीच्या फोटोसाठी. आम्ही गेलो की त्या आधी फोटोकडे बघतात, मग खिळ्याकडे, मग माझ्याकडे. मला चहासुद्धा त्या खिळ्याखालीच बसवून देतात (तुम्हाला आरामखुर्ची). माझ्या पोटात दुखतं, हे कबूल करतो.

तेव्हा ठरवलं, आपलाही फोटो उघड्यावर, थंडीत, धुक्यातच काढायचा. पनवेलला महाबळेश्वर कुठून आणणार? पण करंजाड्याच्या बाजूला नदीकाठी पहाटे बऱ्यापैकी धुकं पडतं. स्मिताने आठ दिवस शेगडीपाशी बसून एकेका तिळावर काटा फुलवला आणि मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळं स्वतः ओवलं (तुमचे दागिने दादरहून विकत आणलेले, हे मी कुणाला सांगत नाही). कॅमेरा आमच्या ऑफिसातल्या मिथुनचा. तो जासईचा. देताना म्हणाला, "फ्लॅश मार दादा, नायतं वैनी दिसनार नाय." पण तुमच्या फोटोत फ्लॅश नव्हता. मग मी कसा मारीन?

संक्रांतीला सूर्य उगवायच्या आत स्मिताला एका धोंड्यावर बसवलं. शाल काढायला लावली, कारण शालीखाली दागिने झाकले जात होते. ती कुडकुडत होती आणि मी तिला सांगत होतो की महाबळेश्वरला याच्या दुप्पट थंडी असते, तरी ताई फोटोत कशा हसताहेत (यावर ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही). धुकं मनासारखं आलं, पण त्याबरोबर दवही आलं आणि हलव्याला ओल लागली. कानातलं गालाला चिकटलं, मुकुटाचा पाक नाकावर ओघळला. पस्तीस फोटो झाले, उजाडलं आणि मागून एक शेळी येऊन कंबरपट्टा खाऊ लागली. शेळी तिथल्याच गावच्या सुमित्राबाईंची. त्यांनी अंगावरची गोधडी स्मिताला पांघरली आणि मला झापलं, "पोर थंडीनं मरंल ना! फोटू कसला काढतस?" मी कॅमेरा त्यांच्याच हातात कोंबला आणि शेळीशी झटू लागलो.

स्मिताने स्टुडिओतून फोटो आणून माझ्यापुढे टाकले. काळी साडी, मागे काळोख, फ्लॅश नाही. पस्तीसही फोटोंत नुसते पांढरे दागिने हवेत लटकताहेत, आत बायको नाही.

असो. मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापा.

आपला (नाइलाजाने) धाकटा,
शिवा

ता. क. रथसप्तमीपर्यंत संक्रांत चालते. ताईंचे दागिने डब्यात शिल्लक असतील तर ते आणि तुमचा कॅमेरा घेऊन एका पहाटे इकडे या. फोटो तुम्हीच काढा. हे लिहिताना दात किती आवळले आहेत ते तुम्हाला दिसत नाही, हे बरं.

ता. क. २ येऊ नका. पत्र टाकायला निघालो, तर स्मिता म्हणाली की छत्तिसावाही फोटो आला होता आणि तो तिने गेल्या आठवड्यातच परस्पर कोरेगावला धाडला. सुमित्राबाईंच्या हातून बटण दाबलं गेलं होतं. कोवळं ऊन, गोधडीत गुरफटलेली स्मिता पोट धरून हसते आहे, कडेला शेळी आणि माझं कोपर. आजच सासूबाईंचं कार्ड आलं, फोटो खिळ्यावर लागला आणि येणारा-जाणारा आधी तोच बघतो. तेव्हा तुमच्यावरचा माझा राग संपला. आता मला सुमित्राबाई सहन होत नाहीत. मी पस्तीस वेळा बटण दाबलं, माझ्यासमोर ती एकदाही अशी हसली नाही.