शांत माणसाची कपडे धुण्याची पाळी

४ मार्च
आमची सिग्ने सायकॉलॉजी शिकते. आज तिने माझी स्वभावचाचणी घेतली. चिडखोरपणा शून्य. मला माहीतच होतं. मग मुद्दाम डिवचायला म्हणाली, बाबा, तुझं माशाचं सूप पाणचट असतं. मी एक शब्द बोललो नाही.

६ मार्च
तिच्याशी अजून बोललेलो नाही. याला म्हणतात संयम.
सोसायटीच्या चेअरमनपदाला उभा राहतोय. समोर कोण, तर खालच्या मजल्यावरचा टॉर्केल. जरा खुट्ट झालं की जिनाभर बोंबलतो आणि पाच मिनिटांत दालचिनीचे पाव घेऊन दारात हजर. असला माणूस चेअरमन? पंधरा तारखेला मतदान. गुन्वरला म्हटलं, बायकोचं मत तर पक्कं. ती म्हणाली, बघू.

१० मार्च, सकाळी
तळघरातल्या सोसायटीच्या सामायिक धुलाईखोलीत आज माझी पाळी. पाळीच्या फळ्यावर प्रत्येक तारखेला एक खाच, ज्याचं कुलूप त्याची पाळी; माझं मी स्वतः लावलंय. तरी मशीनमध्ये टॉर्केलच्या चादरी! आमच्या उमिओ शहरात एखादा खून लोक समजून घेतील, पण दुसऱ्याची पाळी खाणं? मी शांत. चिठ्ठी चिकटवली: 'प्रिय शेजारी, वाचता येत असल्यास फळा वाचावा.' शेवटी हसरा चेहरा.

जरा वेळाने
चेहरा फारच हसरा वाटला. ओठ सरळ केले.

दुपारी
चादरी ओल्याच नेऊन अंगणात बर्फावर पसरल्या. रागाने नव्हे, मोकळी हवा लागावी म्हणून. दारासारख्या कडक झाल्या. एक भिंतीला टेकवून उभी केली. छान दिसते.

११ मार्च
सिग्नेने फळा नीट पाहिला. माझं कुलूप आजच्या खाचेत आहे. म्हणजे काल पाळी टॉर्केलचीच होती. खाचा फार जवळजवळ आहेत. चेअरमन झालो की पहिला ठराव हाच.
टॉर्केल जिन्यात बोंबलला, "सिक्स्टन, अरे माझी चादर अंगणात पहारा देतेय!" पाच मिनिटांत पाव घेऊन वर. म्हणाला, होतं रे, सोड. मी पाव घेतले. बोललो मात्र नाही.

१५ मार्च
सगळे हात टॉर्केलला. त्यात एक गुन्वरचा.
जिन्यात तिला विचारलं, मी आयुष्यात कधी ओरडलोय का?
"ओरडत नाहीस, तेच तर. टॉर्केल चिडला की पाच मिनिटांत संपतं. तू चिडलास की मी कॅलेंडर बघते."
वाईट वाटलं. फार वाटलं. पण चिडलेलो अजिबात नाही.

१९ मार्च
चार दिवस गुन्वरशी अबोला. उत्तम चाललंय.

२० मार्च
गुन्वर सिग्नेला घेऊन खाली टॉर्केलकडे कॉफीला गेली. म्हणाली, तिथे माणसाचा आवाज तरी असतो. घर अगदी शांत.
आता कोणाशी बोलायचं नाही, तेच कळेना.