ठोकळ्यातले फुगे

ता. ४
चि. चिमणीस आजोबांचे पोटभर आशीर्वाद.
तुझा नितळ प्लॅस्टिकचा दुसरा ठोकळाही आतून फुग्यांनी भरला, आणि तिसरा बिघडला तर साहेब तुला प्रयोगशाळेतून उचलून पॅकिंगला बसवणार, हे वाचून ताट सारून लिहायला बसलो. आत्या म्हणते, तुम्हाला काळजीला निमित्तच लागतं. लागू दे. मला एवढं सांग, आच काढून घेतल्यावरही तुझं ते पातळ तापतं कशानं? मी सातवी शिकलेला, चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या केल्या. त्यातलं उग्र वासाचं पातळ औषध तेच ना? आणि डोळ्यांना चष्मा लावत जा.
माया आहेच, उत्तराची घाई कर.

ता. ९
ती. आजोबांस शि. सा. न.
औषध तेच. त्याचे कण सुटे असतात. एकानं दुसऱ्याचा हात धरला की हजारोंची साखळी होते आणि पातळाचं घट्ट प्लॅस्टिक होतं. हात धरताना प्रत्येक जण थोडी ऊब सोडतो. पाणी मिसळलेलं असतं तर त्यानं ती शोषली असती. पण आम्हाला माल काचेसारखा नितळ हवा, म्हणून नुसतंच पातळ घेतो. ते पाकासारखं दाटलं की साखळ्या थांबायचं नाव घेत नाहीत. मधली ऊब मधेच कोंडते, उरलेलं पातळ उकळतं, फुगे येतात. ठोकळा चार बोटं जाड हवाय. शेवटची संधी सोमवारी. चष्मा लावते, आत्याची शपथ.
तुमची धास्तावलेली,
चिमणी

ता. ११
चि. चिमणीस आशीर्वाद.
पहिल्या वर्षी मी कवळीचा साचा थेट उकळत्या पाण्यात टाकला होता. जाड हिरडीचा स्पंज झाला. दातांचे डॉक्टर म्हणाले, हिनं आता भांडी घासा! तेव्हापासून गार पाण्यात ठेवून सकाळभर मंद आच. आणि नुसतं पातळ आम्ही कधीच घेतलं नाही. आधीच घट्ट झालेल्याची पूड त्यात कालवायचो. कशासाठी, ते तुझ्या पत्रानं आज कळलं. पुडीतल्या कणांनी हात आधीच धरलेत, त्यांची ऊब सांडून गेलीय! तूही तशी पूड पातळात कालव, पुरती विरघळू दे, मगच साच्यात ओत. घाई नको.
जीव टांगणीला लागलेले,
आजोबा

ता. २२
चि. चिमणीस आशीर्वाद.
ठोकळा पोचला. तुझ्या चिठ्ठीवर ठेवून आरपार वाचली. साहेबांनी प्रयोगशाळेतच ठेवलं, ही ओळ आत्याला तीनदा ऐकवली. मग जुनं भिंग काढून खिडकीत तपासला. डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा एक फुगा आहे. कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. पण ऊब कोंडते मधे, मग हा कोपऱ्यात कसा?
आजोबावर लोभ असेल तर एवढं लगेच कळव.